वर लक्षणं, खाली नाव

थंडी पडली की इथं बडोद्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोंकवाल्याची गाडी लागते. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण इथं तो शेव आणि लिंबाबरोबर कागदाच्या पुड्यात मिळतो. पहिल्या वर्षी लेकानं पुडा आणला, मी चिमूटभर तोंडात टाकला आणि हात तिथंच थांबला. चव तीच होती. तळहातावर चोळायला कणीस नव्हतं, आगटीची ऊब नव्हती, ओठाला राख लागत नव्हती, पण ज्वारीचं ते कोवळं दूध दाताखाली आलं आणि परंड्याकडचा एक अख्खा हिवाळा माझ्यासमोर येऊन बसला.

दरवर्षी येतो तो. मी त्याला बसायला देते. आता त्याचं भ्या वाटत नाही.

यंदा तो जरा जास्तच जवळ सरकला, त्याला कारण आहे. इथं मराठी माणसांचं एक छोटं मासिक निघतं. ते काढणाऱ्या बाई परवा घरी आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, मनाच्या दुखण्यावर तुम्ही लिहिता तसं आम्हाला काही द्या, आणि लिहिल्यानं स्वतःला बरं वाटतं का, तेही लिहा. जाताना दारात घुटमळल्या. म्हणाल्या, "नाव बदलून छापू या का? लोक कशाचा काय अर्थ काढतात." मी म्हटलं, सांगते. उत्तर तर तयारच होतं, पण ते उंबऱ्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे सगळं.

माझं सासर परंडा तालुक्यातलं आणि माहेर तुळजापूरकडचं जळकोट. जिल्हा एकच, पण दोन टोकं. जळकोटहून तुळजापूर, तिथून बार्शी, बार्शीहून परंडा आणि पुढं मिळेल ते. माहेरी जायचं म्हणजे दिवस मोडायचा, म्हणून कुणी मोडायचंच नाही. जळकोटचं घर हमरस्त्याला लागून. रात्रभर ट्रक जायचे, भिंत थरथरायची आणि आम्ही भावंडं त्या थरथरीतच झोपायचो. सासरी आले तर कानाला काही लागेचना. लांब कुठं कुत्रं, गोठ्यात म्हशीचा उसासा, मग पुन्हा काही नाही. त्या 'काही नाही'त मी कान देऊन पडायचे. मालक, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्याच्या हंगामावर गेलेले, ऊस संपेपर्यंत यायचे नाहीत. शेजारी सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, गाढ झोपलेल्या. मांडणीवरून एखादं झाकण घसरलं की माझी छाती अशी धडधडायची, वाटायचं त्या धडधडीनं आत्याबाई जाग्या होतील.

आवाजाचं हे भ्या मी माहेराहूनच आणलं होतं. दुष्काळ पडला तेव्हा मी सातवीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायला लागले. दगड, टोपली, डोक्यावर चुंबळ, आणि दुपारी सुकडी. सुकडीची गोड पिठाळ चव अजून जिभेवर आहे. दुपारनंतर सुरुंग उडवायचे. आधी शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की सगळ्यांनी पळत बांधाआड जायचं, डोकं गुडघ्यात घालायचं. मग तो आवाज, आणि आवाजामागून आभाळातून पडणारे दगड. एकदा शिट्टी आम्हाला ऐकूच आली नाही. वारा उलटा होता म्हणे. मी आणि आई उघड्यावरच होतो. दोघींना साधं खरचटलं नाही. आईनं धूळ झटकली आणि पुन्हा टोपली उचलली. मीही उचलली. काही झालंच नाही, तेव्हा कुणाला सांगायचं तरी काय? फक्त तेव्हापासून माझा एक कान त्या शिट्टीची वाट बघत राहिला. लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हासुद्धा.

तर सासर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. गावच्या दूध संस्थेचे ते सचिव. संस्था म्हणजे आमच्याच घराची ओसरी. दुधाची मापं, फॅट काढायचं हातानं फिरवायचं यंत्र, भिंतीला टेकलेले कॅन आणि सकाळी सकाळी ओसरीपासून पिंपळापर्यंत लागलेली चरव्यांची, किटल्यांची रांग. आमच्या भागात खवा फार. संस्था नव्हती तेव्हा गावचं सगळं दूध खव्याच्या भट्टीला जायचं आणि भट्टीवाला देईल तो भाव. मामांनी घरोघर जाऊन, हाता-पाया पडून माणसं गोळा केली होती. शीतकेंद्राची गाडी रोज आमच्या दारापर्यंत येते याचं त्यांना इतकं कौतुक, की ती दिसली की ते उगीच टोपी नीट करायचे. पण दोनदा आमचे कॅन नासके म्हणून परत आले होते. पुन्हा आले तर गाडी बंद, असं केंद्रावरच्या साहेबांनी बजावलं होतं.

ओसरीच्या भिंतीवर काळा रंग दिलेला फळा होता. माझं अक्षर चांगलं. जळकोटच्या शाळेत मुंजाळ गुरुजींनी बोरूनं गिरवून घेतलं होतं. त्यामुळं फळ्यावर गाडीची वेळ, भाव लिहायचं काम माझ्याकडं आलं. सातवी सोडलेल्या पोरीला सासरी खडू मिळाला, याचा मला किती आनंद झाला होता ते आज लिहूनही कळायचं नाही.

त्या फळ्याची एक रीत होती. मी येण्याआधीच्या साली गावातल्या जनावरांत खुरकूत आली होती. एकानं लपवलं आणि हौदावरच्या पाण्यातून ती गावभर झाली. तेव्हा संस्थेनं ठरवलं, ज्याचं जनावर आजारी पडेल त्यानं फळ्यावर स्वतः लिहायचं, नाहीतर कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. वर लक्षणं, खाली मालकाचं नाव. ते दूध बाजूला ठेवायचं, ते जनावर हौदावर आणायचं नाही. आणि जनावर वैरण खायला लागेपर्यंत फळा पुसायचा नाही. ज्याचं नाव त्यानंच येऊन पुसायचं. "घास घेत नाही. कान गार. खाली नाव: दशरथ." रांगेतला जो तो वाचायचा, ज्याला येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा, आणि दूध घालून जाताना प्रत्येकजण काहीतरी सांगून जायचा. कुणी गूळ-ओवा सांगे, कुणी बार्शीचा गुरांचा डॉक्टर, कुणी नुसतंच म्हणे, व्हईल बरं. जनावर आजारी पडलं म्हणून दशरथाला कधी खाली मान घालावी लागली नाही.

माणसाचं मात्र तसं नव्हतं. आमच्या मागच्या आळीत सुशीला नावाची सून होती. ती बसल्या बसल्या रडायची म्हणून तिला माहेरी पोचवली. डोक्यावर परिणाम आहे, असं चार जणांत बोलणं झालं. परत आणायला कुणी गेलं नाही. विहिरीवर बायका तिचं नाव आवाज खाली करून घ्यायच्या. मी घागर भरता भरता ऐकायचे आणि मनात पक्कं करायचे, आपलं कळू द्यायचं नाही. ताटातली भाकरी मी पदराआड मोडून गोठ्यात नेऊन घालायचे. म्हैस खुशीत होती. मी वाळत चालले होते.

एका सकाळी रांग लागायच्या आधी मी फळ्यासमोर उभी होते. उद्याची गाडी लवकर येणार, एवढंच लिहायचं होतं. ते लिहिलं. खडू हातात होता. थंडी होती, पिंपळाखाली कुणी नव्हतं, आणि हाताला काय झालं कोण जाणे, त्यानं खाली लिहिलं:

"घास जात नाही. रात्री डोळा लागत नाही. आवाज झाला की अंग थरथरतं. ताप नाही."

पुसायचंच होतं. देवाशपथ, पुसायलाच हात उचलला होता. पण लिहून झाल्यावर एक क्षण जे झालं ते मी विसरले नाही. इतके दिवस छातीत होतं ते समोर भिंतीवर होतं आणि मी त्याच्याकडं बघत होते. ते माझ्यापासून हातभर लांब होतं. मला मोकळा श्वास आला. आता विचार करते तेव्हा वाटतं, मनाचं लिहायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. दुखणं सांगायची जी एकच रीत मला ठाऊक होती, तीच हातून उतरली. जनावराची.

तेवढ्यात गोठ्यातून आत्याबाईंची हाक आली. म्हशीनं लाथ मारून चरवी लवंडली होती. मी पळाले. दूध पुसून, माती टाकून परत आले तोवर रांग लागली होती आणि सगळी रांग फळा वाचत होती.

दशरथ म्हणत होता, ही खुरकूत न्हाय, काहीतरी नवीनच हाय. दुसरा म्हणाला, ताप न्हाय आन् थरथरतंय म्हंजे विषारी पाला खाल्लाय. मामा फळ्याजवळ आले, चष्मा वर केला, दोनदा वाचलं.

"नाव न्हाय खाली. कुणाचं जनावर हाय?"

जो तो दुसऱ्याच्या चरवीकडं बघायला लागला. काहींनी आधीच माप घातलं होतं. त्यातलंच आजारी जनावराचं असलं तर अख्खा कॅन जाणार, आणि कॅनबरोबर गाडी. मामांनी माप पालथं घातलं. म्हणाले, नाव कळल्याशिवाय एक थेंब केंद्रावर जाणार न्हाय. भट्टीवाल्याचा गडी पिंपळाखाली येऊन उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू सोजरबाईवर गेल्या. सोजरबाई म्हणजे वेशीजवळ राहणारी एकटी बाई. नवरा दुष्काळात कामाला म्हणून बाहेर गेला तो गेलाच. तिची एकच गाय, तीही त्या महिन्यात हटली होती, दूध कमी देत होती. कुणीतरी म्हणालं, गाय तुझीच की गं. ती म्हणाली, "माझी गाय चांगली हाय दादा. कडबा खाऊन आले म्हणती ती." एरवी या बोलण्यावर रांग हसली असती. दशरथानं तिची किटली पायानं रांगेबाहेर सरकवली. जोरात नाही. पण सरकवली. सोजरबाईनं किटली उचलली, पदरानं तिची कड पुसली आणि बाजूला जाऊन उभी राहिली, जणू आपली जागा तीच.

मी उंबऱ्यात होते. मला सुशीला दिसत होती, माहेरच्या गाडीत बसवून दिलेली. आईचा चेहरा दिसत होता. गप्प राहिले असते तर सोजरबाईची गाय हौदावरून बंद झाली असती, एवढंच. मला कुणी काही म्हटलं नसतं. तोंडानं सांगायची तर हिंमत नव्हती. मी पदर पुढं ओढला, सगळ्या रांगेसमोरून चालत गेले, खडू उचलला आणि मालकाच्या जागी लिहिलं: शालन.

आधी कुणाला कळलंच नाही. दशरथ म्हणाला, "सूनबाई, तुमची म्हैस तर आत्ता लाथा झाडतीय. आजारी कुठली?"

थोडं हसू झालं. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "म्हैस न्हाय, मामा. मीच."

कॅनच्या कडेवरून थेंब ठिबकत होता, तो मला ऐकू येत होता. मी त्या शिट्टीची वाट बघत होते. मामांनी फळ्याकडं पाहिलं, वरची ओळ पुन्हा वाचली, या वेळी सावकाश, ओठ हलवत. मग माप सरळ केलं आणि रांगेला म्हणाले, "चला. गाडी येईल. सोजरबाई, तुमची किटली आणा आधी."

आत्याबाई आतून ओलं फडकं घेऊन आल्या, फळा पुसायला. मामा त्यांना एवढंच म्हणाले, "राहू द्या. रीत हाय. खायला लागंल तवा तीच पुसंल."

त्या सकाळी मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि पहिल्यांदा मला भूक लागली. भाकरी अर्धीच गेली, पण गेली.

पुढचे दिवस तो फळा तसाच होता. आणि काय सांगू, रांगेनं रीत सोडली नाही. जो तो दूध घालून जाताना दाराशी थांबून काहीतरी सांगायचा. कुणी खसखस उगाळून घ्यायला सांगितली, कुणी कंदील बारीक करून ठेव म्हणालं. दशरथ बरेच दिवस नुसता खाकरून जायचा, मग एकदा म्हणाला, "सूनबाई, माझ्या थोरल्या भावाला असंच व्हायचं. आमी त्याला आळशी म्हणायचो." आणि भराभर निघून गेला. वाकडं कुणी बोललं नाही असं नाही. विहिरीवर आवाज खाली व्हायचे. भट्टीवाल्यानं तर गावभर केलं की संस्थेच्या सचिवाची सून अशी अशी आहे. पण ते आधीच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यात त्याला नवीन घालता येईना.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मामा मला बार्शीला माणसांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. दोघांनी आपापलं केलं, एकमेकांना अडवलं नाही. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. सुरुंगाचंही विचारलं, म्हणजे मीच सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. ते म्हणाले, हा आजार आहे, ताप असतो तसा, आणि यावर औषध आहे. गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. परतताना एसटीत मामांनी मला खिडकी दिली. शेतात ज्वारी पोटरीतून बाहेर पडली होती, कणसांवर बारीक फुलोरा होता. मामा म्हणाले, "खुरकुतीच्या साली एकानं लपवलं म्हणून लई गेली जनावरं. तू लिवलंस ते बरं केलंस." आयुष्यात मला कुणी एवढं मोठं बक्षीस दिलेलं नाही.

नंतर मी लिहीत गेले. दूध संघाच्या वार्षिक अंकात पहिला लेख आला, मग इकडंतिकडं. लिहिल्यानं बरं वाटतं का? वाटतं, पण सगळ्याच लिहिण्यानं नाही. स्वयंपाकघरात माझ्याकडं अजून एक दगडी पाटी आहे. भ्या येतं तेव्हा, येतं अजून कधीकधी, मी त्या पाटीवर लिहिते, जसं येईल तसं. वाचते. ते हातभर लांब गेलं की ओल्या फडक्यानं पुसते. ते माझ्यासाठी. छापायला देते ते वेगळं. ते भाकरी जायला लागल्यावर लिहिते, कारण ते वाचणारी कुठंतरी एखादी सून असते, पदराआड घास मोडणारी, आणि तिला माझी नुसती थरथर देऊन काय उपयोग? तिला डॉक्टरही सांगायला हवा, मामाही सांगायला हवेत. आणि दुसऱ्या कुणाचं दुखणं मी त्याला विचारल्याशिवाय त्याच्या नावानं लिहीत नाही. ते त्याचं आहे. सुशीलेचं नाव इथं मी बदललंय, दशरथाचंही.

सोजरबाईचं नाव मात्र खरं आहे. तिनंच दिलंय.

तिचंही सांगायचं राहिलं होतं. फळा लिहिला त्यानंतर एका दुपारी ती आमच्या परसात येऊन बसली, शेंगा फोडत. तिनं मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकले. मग म्हणाली, "ते तू लिवलंस ना, ते मला बी व्हतंय. तो गेल्यापासनं. मला वाटायचं गायीसंगं राहून राहून आपण बी जनावर झालो." मी म्हटलं, मामांना सांगू का, तुम्हालाही बार्शीला नेतील. ती घाईनं म्हणाली, "नगं. माझं नाव नगं."

मी नाही घेतलं. कितीही वाटलं तरी नाही.

हुरडा संपला, ज्वारी काढणीला आली. मालक अजून कारखान्यावरच होते. मला झोप लागत होती. रोज नाही, पण लागत होती. एका सकाळी मी पोटभर जेवले, उष्ट्या हातानं तशीच उठले, हात धुतला आणि ओलं फडकं घेऊन ओसरीवर आले. रांग नेहमीसारखी उभी होती. मामांनी मापावरून नजर वर केली आणि टोपी नीट केली.

मी खालचं नाव पुसलं. वरच्या ओळीकडं हात नेला तर मागून आवाज आला, "थांब गं."

सोजरबाई. किटली खाली ठेवून ती रांगेतून पुढं आली. फळ्याखालचा खडू उचलला, उलटा धरला, मग सुलटा केला. म्हणाली, माझं नाव कसं काढत्यात?

मी तिचा हात धरला. आधी 'सो'. 'ज'ची उभी रेघ भिंतीच्या पोपड्यावरून घसरली, ती पुन्हा काढली. मग 'र'. अक्षरं माझ्यापेक्षा मोठी आली आणि खाली खाली उतरत गेली, पण मालकाच्या जागी नीट बसली. रांग थांबून बघत होती.

मागून कुणी अक्षर न येणारा म्हणाला, "सोजरबाई, तुला काय झालंय?"

तिनं खडूचा हात लुगड्याला पुसला आणि किटली उचलली.

"वर लिवलंय," ती म्हणाली. "वाचून घे कुणाकडनं तरी."